सुपारीएवढं शिसं

आमच्या ह्यांचं नाव मी आजवर एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. इथंही घेणार नाही. बाकी सगळं मात्र झालं तसं सांगणार आहे, आणि त्यात माझी बाजू सावरून धरायचा माझा विचार नाही. चांगलं दिसण्यासाठी लिहायचं असतं तर मी लिहिलंच नसतं.

माझं माहेर पलूसजवळचं, कृष्णाकाठचं, उसातलं. सासर म्हसवडकडं, माळावरचं. हे फौजेत होते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत आम्ही एका छपराखाली राहिलो ते दिवस गोळा केले, तर सात महिनेही भरले नसते. फौजेत हे बॉक्सिंग खेळायचे. सत्तावन्न किलोच्या गटात लागोपाठ दोन वर्षं चँपियन. तिसऱ्या वर्षीही जिंकले तर रंगरुटांना शिकवायला उस्ताद म्हणून पुण्याला घेऊ, असा साहेबांचा शब्द होता. उस्तादाला फॅमिली क्वार्टर मिळतं. ते क्वार्टर मी बघितलेलं नव्हतं, पण त्यात स्टोव्ह कुठं ठेवायचा आणि ह्यांचे बूट कुठं, हे माझं ठरून गेलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडला आणि पुढं अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे करून वाढायचे असतात. जावई म्हणजे दहावा ग्रह, एरवीही त्याला शांतच ठेवायचं, पण ह्या महिन्यात तर तो देव. नेमकी त्याच महिन्यात ह्यांना सुट्टी मिळाली. सुट्टीच्या आधी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, तुझ्या आईला आधीच सांगून ठेव, दोन महिन्यांवर सामने आहेत, मला गोडधोड चालणार नाही, वजन वाढलं तर सगळं संपलं.

ते पत्र मी तीनदा वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून दिलं. आईला सांगितलं नाही.

लोकांना सांगताना मी म्हणते की आईपुढं जीभ उचलली नाही. ते अर्धंच खरं. खरं कारण हे की, लग्नात आमच्या गावच्या तालमीतल्या लोकांनी ह्यांना बघून तोंडाला पदर लावावा तसं उपरणं लावलं होतं. ‘बॉक्सिंग खेळतो म्हणं! ह्यो तर काडीपैलवान.’ आमच्या मुलखात पैलवान म्हणजे मान आणि डोकं एकाच रुंदीचं पाहिजे. दाराच्या चौकटीतून जाताना आडवं व्हावं लागलं पाहिजे. सत्तावन्न किलोचा चँपियन ही त्यांना थट्टाच वाटायची. ते हसणं माझ्या मनात चार वर्षं सलत होतं. माझा नवरा माझ्या गावात एकदा तरी भरलेल्या अंगानं फिरावा, एवढीच माझी हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला तरी ते खरं वाटत नाही आता.

हे आले. पहिल्याच जेवणाला आईनं ताटात पुरणपोळीवर पोळी चढवली आणि ह्यांनी ताटावर आडवा हात धरला. माझ्याकडं बघितलं. मी तुपाची वाटी शोधायला उठले. तेव्हा त्यांनी स्वतःच आईला समजावलं, हळू, मास्तरानं पोराला समजवावं तसं.

‘आवं मामी, आमच्या खेळात वजनाच्या पायऱ्या असत्यात. सत्तावन्नच्या आत माजी पायरी. त्येच्यावर साठवाले, त्येच्यावर साडेत्रेसष्टवाले. माज्या पायरीवर माजा हात हातोडा हाय. एक पायरी वर गेलो की त्योच हात लाटणं हुतो, आन् हातोडा समोरच्याकडं.’

आईला त्यातलं लाटणं तेवढं कळलं. ती म्हणाली, ‘दोन घास खाल्ल्यानं कोन मरतंय व्हय, जावईबापू?’ आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी भावकीत बोभाटा झाला की जावई अन्नाला नावं ठेवतो. तिसऱ्या दिवशी चुलत्यांच्या घरचं आमंत्रण आलं, आणि सांगायला आलेला माणूस म्हणाला, येत नसतील तर तसं स्पष्ट सांगा. हे चपलांकडं बघत बसले. मग म्हणाले, ‘बरं. रोज सकाळी वजन करीन. काट्यावर सत्तावन्न हाय तवर खाईन. त्येच्यावर एक घास न्हाई.’

इथं माझा धाकटा भाऊ येतो. बावीस-तेवीसचा, तालमीतला, अंगानं आडदांड आणि मनानं थट्टेखोर. सोसायटीच्या खताच्या गोदामात पोती तोलायचं काम त्याच्याकडं होतं. गावात माणूस उभा राहील असा काटा तेवढा एकच. खाली लोखंडी फळी, वर दांडी आणि दांडीच्या टोकाला टांगलेली तळहाताएवढी तबकडी. फळीवर शंभर किलो असले की तबकडीत एक किलोचं माप पुरतं, असा त्या काट्याचा मेळ. हे पहाटे उठून लोकरीची जर्सी आणि वर घोंगडं घालून नदीकाठानं पळत जायचे, परत येऊन गोदामात लंगोटावर फळीवर उभे राहायचे, भाऊ तबकडीत मापं टाकायचा. सत्तावन्न. मग हे घरी येऊन जेवायचे.

चार दिवसांनी भावानं मला गोदामात बोलावलं. दार लोटून घेतलं. तबकडी उलटी करून दाखवली. तिच्या बुडाला मेणानं शिशाचा एक तुकडा चिकटवला होता, सुपारीच्या खांडाएवढा.

‘आक्का, ह्ये एवढं शिसं म्हंजी दाजींचं दोन किलो. बुडाला हाय, दिसत न्हाई, इनस्पेक्टर आला तरी वरनंच बघंल,’ तो म्हणाला. ‘आई रोज रडती, मला न्हाई बघवत. आन् दाजींच्या तोंडावर जरा मांस आलं तर काय वाईट? धोंडं झालं की काडून टाकतो.’

मी हसले. पोट धरून हसले. मेहुण्यांनी दाजीची थट्टा करायची असतेच, कुणी जोडे लपवतं, कुणी पानात मिरची घालतं. आमच्या भावानं काट्याला शिसं लावलं. हसता हसता एकदा वाटलं की हे बरं नाही. पण तो विचार दारापर्यंत टिकला आणि उन्हात आल्यावर गेला.

भावकीची अकरा घरं होती. अकरा घरी धोंडे झाले. मधल्या दिवशी दूधभात, खीर, उकडीचे गोळे. पुण्याच्या क्वार्टरचं स्वप्न बघत मी माझ्याच हातानं ताटात तूप सोडत होते, आणि ते तूप त्या क्वार्टरच्या चुलीत पाणी ओततंय हे मला कळत नव्हतं. पाच किलोनं काय होतं? आमच्या म्हशीचा रेडूसुद्धा आठवड्यात तेवढा वाढतो. शिशाचा तुकडाही वाढत गेला. शेवटी शेवटी तो अख्ख्या सुपारीएवढा होता.

ह्यांचे गाल भरले. मान भरली. एका सकाळी शर्टाचं बटण तुटून पाण्याच्या घंगाळात पडलं तेव्हा म्हणाले, ‘हितलं पानी जड दिसतंय, कापड आटतंय.’ तालमीपुढून जाताना आता कुणी तोंडाला उपरणं लावत नव्हतं. एक म्हातारा वस्ताद तर चक्क उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘आता कसं! आता गडी दिसतोय.’ त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर जरा मागं सरकवून चालले. मला फार बरं वाटलं होतं. ते लपवून काय उपयोग आहे?

मग एका सकाळी ते नदीवरून परत आले तेव्हा श्वास जाग्यावर येत नव्हता. नदीला तांबडं पाणी आलं होतं, काठाला वाहून आलेली बाभळ अडकली होती आणि तिच्याभोवती पाणी गुरगुरत होतं, तो आवाज घरापर्यंत यायचा. हे ओट्यावर बसले. कानशिलाची शीर उडत होती.

‘पाय उचलत न्हाईत,’ ते म्हणाले. ‘अंगात कायतरी भरल्यागत वाटतंय. पर काटा तर सत्तावन्न सांगतोय.’ थोड्या वेळानं मान वर करून त्यांनी मला सरळ विचारलं, ‘त्यो काटा बराबर हाय न्हवं गं?’

मी म्हटलं, ‘सोसायटीचा काटा हाय. सरकारी शिक्का हाय त्येच्यावर. तुमाला उगीच शंका.’

हे वाक्य मी बोलले. माझ्या भावानं नाही, आईनं नाही. माझ्या नवऱ्यानं मला विश्वासानं विचारलं आणि मी त्यांच्या डोळ्यात बघून शिक्क्याचं सांगितलं. त्यांची शंका गेली. उठून आंघोळीला गेले.

सुट्टी संपली त्या दिवशी भाऊ स्टँडवर सगळ्यांसमोर शिसं काढून दाखवणार होता. दाजी चिडतील, मग हसतील, मग आपण सगळे हसू, असा त्याचा बेत. मीच त्याला अडवलं. म्हटलं, जाताना जिवाला घोर कशाला लावतोस, तिकडं गेल्यावर पळतील आणि उतरेल. भावानं तुकडा खिशात ठेवला. एस्टी हलली, ह्यांनी खिडकीतून हात केला. खिडकीत ते पूर्वीपेक्षा जास्त जागा घेत होते.

मी सासरी परतले, आणि आठ-दहा दिवसांनी म्हसवडला पत्र आलं. पलटणीच्या काट्यावर ते साडेबासष्ट भरले होते. आणि त्यांनी काय केलं होतं, तर उस्तादाशी भांडण. तुमचा काटा खोटा आहे, मी परवाच घरी सत्तावन्न होतो, रोज तोलत होतो, सरकारी शिक्क्याचा काटा आहे. माझंच वाक्य त्यांनी तिथं नेलं होतं. उस्तादानं त्यांना पाठीवर ओझं बांधून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मग दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं. मग शिध्याच्या कोठारातल्या काट्यावर. तिन्ही काटे एकच सांगत होते. पत्रात पुढं लिहिलं होतं: ‘म्हणजे मीच आंधळा झालो होतो. जीभ सुटली आणि काटा नीट बघितलाच नाही. तू वाईट वाटून घेऊ नको.’

 खरं काय ते तेव्हाच लिहायला हवं होतं. मी पाटी-पुस्तक शिकलेली बाई, सातवी पास, शाईची दौत घरात होती. मी लिहिलं की इकडे सर्व क्षेम आहे, तुम्ही जिवाला जपा.

पुढची पत्रं वाचायला मला भीती वाटायची. वजन उतरवण्यासाठी ते भटारखान्याच्या भट्टीशेजारी रबरी कापड गुंडाळून बसत होते. पाणी घोटभर. जीभ सुजली. एकदा परेडला तोंडावर पडले. तीन आठवड्यांत साठपर्यंत आले आणि तिथं काटा अडकला, पुढं हलेना. शेवटी उस्तादच म्हणाला, आता आणखी सुकलास तर उभाच राहू शकणार नाहीस, ह्या वर्षी साठच्या गटात उतर. म्हणजे एक पायरी वर. सुरुवातीचे दोन सामने ह्यांनी पायांच्या चपळाईवर जिंकले, पण लिहिलं होतं, ‘माझा ठोसा बसतो आणि समोरचा हसतो. असं आधी कधी झालं नाही.’ आणखी एक ओळ होती. ‘फायनलला जो आहे, तो हाडाचा सदुसष्टवाला, सुकून साठला आलाय. सरावात त्याचा एकच हात लागला, दिवसभर कान वाजत होता.’

त्यानंतर महिनाभर पत्र नाही. पोस्टमन रस्त्यानं जायचा आणि माझ्याकडं न बघता जायचा. मग आलं ते हिंदीत, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, मिलिटरी हॉस्पिटलातून. फायनलच्या दुसऱ्या फेरीत हे दोनदा पडले, दोनदा उठले. तिसऱ्या फेरीत डाव्या डोळ्यापुढं काळा पडदा आला तरी उजव्यानं बघत लढत राहिले. डोळ्याच्या आतलं पटल सुटलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांना फौजेतून काढलं. मेडिकलवर. मी म्हसवडच्या स्टँडवर घ्यायला गेले होते. गाडीतून उतरले, हसले, आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला. हात पिशवीच्या अलीकडं हवेत मिटला. पुन्हा केला, पुन्हा हवेतच. तिसऱ्यांदा मीच पिशवी त्यांच्या मुठीत दिली. घरी तांब्यातून पाणी ओतताना धार पेल्याच्या बाहेर जायची, आणि ते फडक्यानं निमूट पुसून घ्यायचे.

पण माझा जीव त्यांच्या डोळ्यापेक्षा जेवणात अडकला. एक भाकरी, कालवण, उठले. सणाला तेच, लग्नकार्यात तेच. दिवाळीचा लाडू कुणी हातावर ठेवला तर बघत बसायचे आणि परत ताटात ठेवायचे. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, ‘ह्या जिभंनं एकदा घात केलाय माजा. आता तिला वेसन घातलीया.’ लोकांना ते मोठ्या मनाचं बोलणं वाटायचं. मला ते ऐकून दर वेळी कुणी तरी कानफटात मारल्यासारखं व्हायचं. माणूस दुसऱ्याच्या पापाची शिक्षा स्वतःला रोज दोन वेळा देत होता, आणि मी समोर बसून वाढत होते. भाऊ एकदा कबूल करायला म्हणून पलूसहून आला होता. मी त्याला विहिरीवरूनच परत पाठवला. त्याला म्हटलं, सावकाश सांगू. खरं म्हणजे मला माहीत होतं की ज्या दिवशी हे बाहेर येईल त्या दिवशी शिसं कुणी लावलं हे कुणी विचारणार नाही. काटा बराबर आहे असं कोण म्हणालं, एवढंच विचारलं जाईल.

मग पुन्हा अधिक महिना आला. आईचं बोलावणं आलं. मला वाटलं हे नाही म्हणतील. पण म्हणाले, ‘म्हातारीचं मन कशाला मोडायचं?’

आईच्या माजघरात पाट मांडला होता. मी धोंड्यांचं ताट घेऊन उभी, भाऊ तुपाचा तांब्या घेऊन. आईनं दोन धोंडे वाढले. ह्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि ताटावर हात आडवा धरला. आईचा चेहरा पडला.

‘आवं, काय चुकलं आमचं? मागल्या धोंड्याला किती गोडीनं जेवला हुता.’

ह्यांनी तिला हात जोडले. ‘तुमचं काय बी चुकलं न्हाई, मामी. तवा माजीच जीभ माज्या ताब्यात न्हवती. त्या पायी डोळा गेला, नोकरी गेली, हिचं पुन्याचं घर गेलं. मीच माज्या हातानं घालवलं.’

माझं घर. ते माझ्या घराबद्दल माझी माफी मागत होते, सगळ्यांच्या देखत. तांब्यातलं तूप भावाच्या पायावर सांडत होतं आणि त्याला कळत नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. मी ताट खाली ठेवलं.

‘काट्यात खोट हुती,’ मी म्हटलं. ‘तबकडीखाली शिसं हुतं. जिभंचा काय बी दोष न्हवता.’

 ह्यांनी उजवा डोळा माझ्याकडं यावा म्हणून मान सगळी वळवली.

‘किती?’

भाऊ म्हणाला, ‘पाच किलोचं, दाजी.’ त्याचा आवाज ओळखू आला नाही.

‘आन् तुला ठावं हुतं?’

‘व्हय.’

‘मी इचारलं हुतं तुला,’ ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ताटावरचा हात त्यांनी बाजूला घेतला आणि म्हणाले, ‘वाढ.’

मी वाढलं. पहिले दोन धोंडे त्यांनी माझ्याकडं न बघता खाल्ले. मी आणखी दोन वाढले. मग आणखी दोन. पाचव्याला आईचं रडणं थांबलं आणि ती भिंतीला टेकून बघायला लागली. सातव्याला भाऊ तांब्या खाली ठेवून बाहेर गेला, अंगणात त्याचा ओकल्यासारखा आवाज आला. तीन वर्षांत एका भाकरीवर आक्रसलेलं ते पोट, घास खाली उतरत नव्हते, ते पाण्यानं ढकलत होते. कपाळावर घाम आला. हनुवटीवरून तूप ओघळून शर्टावर पडत होतं, डाव्या बाजूनं, जिकडचं त्यांना दिसत नव्हतं. मी म्हटलं, ‘बास करा. आवं, पाया पडते, बास करा.’

‘वाढ,’ ते म्हणाले.

जावयानं नको म्हणेपर्यंत वाढायचं, ही आमच्याकडची रीत आहे. मी वाढत राहिले. ते नको म्हणाले नाहीत.